मागचं मोजायचं नाही

पंचफुलाबाई त्या रविवारी काचीगुड्याच्या घरून निघाल्या ते अगदी साध्या कामाला. हातात छत्री, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. काम एवढंच, की जंगलपार्कात जाऊन फुलपाखरं मोजायची, कागद भरायचा आणि दुपारी बाराच्या आत तो दौलतच्या हातात द्यायचा. आता तुम्ही हसाल. अठ्ठावन्न वर्षांची बाई, मे महिन्याचं ऊन अजून उतरलेलं नाही, आणि ही निघाली फुलपाखरं मोजायला! त्यांचा मुलगाही हसायचा. हसू दे. ज्याला त्याला आपलं येड असतं, आणि हे येड निदान कुणाच्या अंगावर तरी येत नाही.

भुताखेतांचं म्हणाल तर बाईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. घरात बुद्धाची मूर्ती, सकाळ-संध्याकाळ वंदना, बाकी अंगारे-धुपारे बंद. शिवाय तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेली. "रात्र-रात्र कानाला हेडफोन लावून बसले मी," असं त्या म्हणायच्या, "भूत राहतं तर एक दिवस तरी लाइनीवर आलं असतं की हो!" त्या नोकरीनं एक गोष्ट मात्र दिली होती. एकदा ऐकलेला आवाज त्या कधी विसरायच्या नाहीत. वीस वर्षांनी कुणी नुसतं 'हॅलो' म्हणालं तरी नाव-गाव सांगायच्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते सगळं कानानंच झालं.

पार्कचं नाव पुट्टलगुट्टा. तेलुगूत पुट्टा म्हणजे वारूळ, गुट्टा म्हणजे टेकडी. शहराच्या कडेला चारशे एकराचं रान, वारुळांनी भरलेलं. दौलत तिथं निसर्गशिक्षणाचं केंद्र चालवायचा. तिशीतला पोरगा, मूळचा परभणीकडचा. शाळांची मुलं आणायची, त्यांना झाडं दाखवायची, आणि आसपासच्या हौशी लोकांना गोळा करून पक्षी, फुलपाखरं, बेडूक यांची नीट नोंद ठेवायची, हे त्याचं काम. फुलपाखरांसाठी रानात सहा पायवाटा ठरवल्या होत्या. त्यांना सगळे लाइन म्हणत. प्रत्येक लाइनीवर चुन्यानं रंगवलेले दहा दगड, आणि महिन्यातून दोनदा मोजणी.

मोजणीचे नियम कडक. दोघांनी जायचं. पुढचा बघतो आणि नाव पुकारतो, मागचा पुठ्ठ्यावर लावलेल्या कागदावर लिहितो आणि लिहून झालं की 'लिहिलं' म्हणतो. चाल एकसारखी, संथ. समोरचं आणि दोन्ही बाजूंचं दिसेल तेवढंच मोजायचं. मागून उडत आलेलं मोजायचं नाही, कारण ते आधीच मोजून झालेलं असतं. आणि पुकारणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं की लाइन बाद, परत पहिल्या दगडापासून सुरू.

हे नियम बसवले केशवराव मास्तरांनी. चिक्कडपल्लीच्या एका शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंग मास्तर. सहावी लाइन त्यांची. फुलपाखरांची इंग्रजी नावं बायकांच्या तोंडात बसत नाहीत म्हणून त्यांनी घरगुती नावं ठेवली होती: रुईवर बसते ती रुईकर, पिवळी ती हळदुली, पंखावर डोळे असलेली डोळसा, नखाएवढी निळी ती टिकली. इंग्रजी नावं मागाहून दौलत टाकायचा. वर्षभर मास्तर पुढं पुकारत गेले आणि पंचफुलाबाई मागून लिहीत गेल्या. बावीस मोजण्या झाल्या.

तेविसाव्या मोजणीला बाई नव्हत्या. भाचीचं लग्न नांदेडला. त्या म्हणाल्या, "मास्तर, येत्या रविवारी जाऊ की." मास्तर म्हणाले, "तारीख चुकवायची नाही," आणि एकटेच गेले. मोजणी पुरी केली, परत येताना सातव्या दगडापाशी टेकले, ते उठलेच नाहीत. पुठ्ठा मांडीवर, कागद भरलेला. नांदेडला हळदीच्या मांडवात बाईंना फोन आला. तेव्हापासून एकच गोष्ट त्यांच्या काळजाला कुरतडत होती. आपण असतो तर पाणी तरी पाजलं असतं. एकटे गेले बिचारे... एकटेच.

आणि आज एक जून दोन हजार चौदा. उद्यापासून राज्याची दोन राज्यं होणार होती. ऑफिसांमध्ये कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या, हे कपाट या राज्याचं, ते त्या राज्याचं. माणसांच्याही याद्या लागल्या होत्या. त्या गडबडीत पार्कचा नकाशा नव्यानं निघत होता. ज्या लाइनीच्या वर्षभराच्या चोवीस मोजण्या पुऱ्या, तेवढं रान जसंच्या तसं ठेवायचं, आणि बाकीच्या जागेवर गाड्यांचा अड्डा आणि खाण्यापिण्याचे स्टॉल. पाच लाइनींचे कागद पोचले होते. सहावीचे तेवीसच होते. मास्तर गेल्यापासून तिकडं मोजायला कुणी फिरकलं नव्हतं. मागून कुणीतरी चालल्यासारखं वाटतं, अशी आवई उठली होती. रविवार असला तरी ऑफिस उघडं होतं, आणि आज दुपारी दौलत तिथं फाइल घेऊन जाणार होता. चोविसावा कागद त्यात नसला, तर मास्तरांची लाइन डांबराखाली जाणार होती.

"ते मी होऊ देत नसते," असं म्हणून पंचफुलाबाई निघाल्या होत्या.

लिहिणारीण म्हणून त्यांनी सावित्रीबाईंना धरून आणलं होतं. मलकपेठेत यांचं मिरचीचं दुकान, माहेर उदगीरकडं, अंगानं भरलेल्या, गुडघ्यानं बेजार, आणि भित्र्या अशा की घरातली पाल पाहूनही नवऱ्याला हाक मारणार. पण मैत्रीण आहे म्हटल्यावर आल्या.

गेटवर यादगिरी वॉचमन उभा. "आरो लाइन? वद्दु अम्मा," तो म्हणाला. नको, सहाव्या लाइनीवर जाऊ नका. हातानंही तेच सांगितलं.

"का रे बाबा?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग मोडक्या दक्खनीत म्हणाला, "कल मैं उधर पानी डालने गया था. मेरे पीछे कोई गिन रहा था, अम्मा."

"ऐकलंस का?" सावित्रीबाईंनी बाईंचा दंड धरला. "मोजू लागलं होतं म्हने कुनीतरी! चल घरी. नक्को मला हे."

"अगं, मोजायचीच जागा हाय ती. मोजनार नाही तर काय भजन करनार? चल, नऊ वाजून गेले. दहाच्या पुढं ऊन तापलं की मोजनी चालत नाही."

खरंच बस चुकल्यामुळं उशीर झाला होता. पहिल्या दगडापाशी पोचल्या तेव्हा सव्वानऊ झाले होते. म्हणजे चूक करायला वेळच नव्हता. एकदा लाइन बाद झाली की परत पहिल्यापासून येईपर्यंत दहा वाजून जाणार.

निघाल्या. बाई पुढं, सावित्रीबाई चार पावलं मागं.

रान गप्प होतं. उन्हाळ्याच्या अखेरीला रानाचा आवाजच बसतो. पळसाची पानं करपलेली, सीताफळीच्या काड्या उभ्या, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची तांबडी वारुळं. वारा नावाला नाही. मातीचा भाजका वास आणि आपल्याच चपलांची चरचर.

"रुईकर, एक," बाई म्हणाल्या.

"हौ... लिहिले," मागून सावित्रीबाई, धापा टाकत.

"हळदुली, दोन."

"लिहिले. अगं, जरा हळू चाल ना गं."

"चाल बदलायची नसते. टिकली, तीन."

दुसरा दगड गेला, तिसरा गेला. वाट वारुळांमधून वळली. चौथ्या दगडाच्या अलीकडं बाईंनी डोळसा पुकारली.

"लिहिलं."

दहा-बारा पावलं तशीच गेली. आणि मग बाईंच्या ध्यानात आलं. धाप ऐकू येत नव्हती.

सावित्रीबाई आणि धाप नाही? जिना चढून आल्या तर अर्धा तास ज्यांना बोलता येत नाही त्या? आणि 'लिहिले' म्हणणारी बाई 'लिहिलं' कधीपासून म्हणायला लागली?

"सावित्री?" बाईंनी समोर बघतच विचारलं.

उत्तर नाही. समोर घाणेरीच्या झुडपावर एक रुईकर पंख उघडून बसली होती. "रुईकर... एक."

"लिहिलं."

बाईचा आवाज होता. तरुण नाही, म्हातारा नाही. शांत, स्वच्छ, घाई नसलेला. अगदी जवळून, दोन हातांवरून आला असेल. पंचफुलाबाईंनी तीस वर्षांचे सगळे आवाज मनात धुंडाळले. एक्सचेंजमधल्या मैत्रिणी, नात्यातल्या, शेजारच्या, पार्कात येणाऱ्या... एकही जुळेना. हा आवाज त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता. आणि तीच गोष्ट सगळ्यात वाईट होती.

भ्याल्या. उगीच कशाला झाकायचं, बाई चांगल्याच भ्याल्या. मानेच्या मागच्या बाजूला गारवा लागत होता. समोर चटके देणारं ऊन, आणि पाठीला विहिरीत डोकावल्यासारखा गारठा. मागून ओल्या मातीचा वास येत होता. त्या रानात महिनाभर पावसाचा थेंब पडला नव्हता.

वळून बघावं... एकदाच... नुसती मान जरा फिरवून...

आणि लाइन बाद.

बाईंनी दोन्ही हातांनी छत्रीची मूठ घट्ट धरली. डोळ्यांपुढं डांबर आलं, गाड्या आल्या, प्लेटा चाटणारी कुत्री आली. सातव्या दगडावर कुणीतरी पाय ठेवून सिगारेट ओढतंय, असं दिसलं. 'नाही वळायची,' त्या मनात म्हणाल्या, 'जीव गेला तरी वळायची नाही.' आणि चालत राहिल्या. त्याच चालीनं.

"टिकली, दोन."

"लिहिलं."

"हळदुली... एक."

"लिहिलं."

मागच्या पावलांचा आवाज नव्हता. नुसता पेन्सिलीचा होता, कागदावर घासल्याचा.

पाचवा दगड. सहावा. सातवा दिसायला लागला तशा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इथंच. या दगडाला पाठ टेकून बसले होते मास्तर. पाणी नाही, माणूस नाही. डोळे पुसावेत तरी हात छत्रीवरून निघेना. आणि तेवढ्यात त्यांच्या उजव्या खांद्यावरून, कानाला जवळजवळ चाटून, एक फुलपाखरू पुढं आलं. तळहाताएवढं. काळंभोर, पंखांवर निळ्याची झाक. असलं फुलपाखरू सहाव्या लाइनीवर वर्षभरात एकदाही दिसलं नव्हतं. एवढं एक नाव कागदावर आलं असतं तर लाइनीचं वजन किती वाढलं असतं! बाईंना मोह झाला. भीतीत माणसाला मोह होतो, हे मला पटायचं नाही, पण होतो.

"निळी!" त्या जवळजवळ ओरडल्या. "मोठी निळी, एक!"

मागं शांतता. पेन्सिल हलली नाही. रानातलं पान हललं नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

मग तो आवाज म्हणाला, अगदी समजुतीनं, पोराला शिकवावं तसं:

"मागचं... मोजायचं नाही."

शब्द मास्तरांचे. वर्षभर शंभरदा ऐकलेले. पण आवाज मास्तरांचा नव्हता. ते बाईंनी शपथेवर सांगितलं असतं.

"चुकलं," पंचफुलाबाई पुटपुटल्या. "नका लिहू."

आणि गंमत बघा, तिथंच त्यांची निम्मी भीती गेली. पुढं त्या मला म्हणाल्या, "अहो, नेम पाळनारी होती ती. लबाडी चालू दिली नाही तिनं. असली बाई माझं काय वाकडं करनार?" डोळे कोरडे करून त्या पुढं निघाल्या. आठवा, नववा. आवाज खणखणीत झाला. डोळसा, रुईकर, टिकल्यांचा एक थवाच गळक्या पाइपाखालच्या ओलीवर बसलेला, सतरा. दरवेळी मागून 'लिहिलं'.

दहाव्या दगडाला हात लावला तेव्हा दहाला पाच कमी होते.

"झाली लाइन," त्या म्हणाल्या. "आता वळू का?"

मानेवरचा गारवा गेला होता. बाई वळल्या.

वाट मोकळी होती. वारुळांमधून नवव्या दगडापर्यंत सरळ, रिकामी, उन्हानं पांढरी झालेली. पाच पावलांवर वाटेच्या मधोमध पुठ्ठा ठेवलेला, वर पेन्सिल. धुळीत पावलं एकाच माणसाची, बाईंच्या चपलांची.

त्यांनी पुठ्ठा उचलला. तिसऱ्या दगडापर्यंत सावित्रीबाईंचं गिचमिड अक्षर. चौथ्यापासून पुढं मात्र सरळ पट्टीनं आखल्यासारखी शिरोरेघ, टोकदार, देखणी अक्षरं. फळ्यावर ज्यांनी चाळीस वर्षं अक्षरं काढली त्यांचंच अक्षर. पंचफुलाबाई तिथंच धुळीत बसल्या आणि हमसून हमसून रडल्या.

मग सावित्रीबाईंची आठवण झाली, तशा उठून पळत सुटल्या.

सावित्रीबाई तिसऱ्या दगडाजवळ वारुळाच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. पोटरीत गोळा आलेला.

"हाका मारून मारून माझा घसा बसला!" त्या कडाडल्या. "परेशान झाले मी. परत आलीस, पुठ्ठा नेलास, आनि एका शब्दानं इचारलं नाहीस की सावित्री मेली का जगली!"

"मी परत आले?"

"नाहीतर कोन? कळ निघत होती म्हनून डोळे मिटून बसले होते. तू आलीस, मांडीवरला पुठ्ठा उचललास. बांगड्या वाजल्या की तुझ्या."

पंचफुलाबाईंनी आपले दोन्ही हात पुढं केले. एका हातात घड्याळ. दुसरा मोकळा. नवरा गेल्यापासून नव्हे, एक्सचेंजला लागल्यापासूनच त्या बांगड्या घालत नव्हत्या. सावित्रीबाईंनी ते हात बघितले, आणि पोटरीतला गोळा विसरून त्या अशा उठल्या की गेटपर्यंत बाईंना त्यांना गाठता आलं नाही.

कागद वेळेत पोचला. दौलतनं अक्षर बघितलं, बाईंच्या तोंडाकडं बघितलं, फाइलीला टाचणी मारली आणि स्कूटरला किक मारली. त्या रात्री शहरात बारा वाजता फटाके फुटले, नवं राज्य झालं. कपाटं इकडची तिकडं गेली, माणसं गेली, फाइली हरवल्या, पण पुट्टलगुट्ट्याची फाइल जागेवर राहिली. पावसाळा संपता संपता नवा नकाशा आला. सहाव्या लाइनीभोवती हिरवी रेघ होती. गाड्यांचा अड्डा गेटाबाहेर गेला.

पंचफुलाबाई मोजणी सोडणार, असं सावित्रीबाईंना वाटलं होतं. सोडतात कसल्या! आता शाळांच्या पोरी त्यांच्या मागून येतात. तेलुगू बोलणाऱ्या, उर्दू बोलणाऱ्या, मराठी वाचता न येणाऱ्या आपल्या मराठी घरांतल्यासुद्धा. पण सगळ्या 'टिकली, तीन' म्हणतात. मास्तरांची नावं आता त्या पोरींची झाली आहेत. बाई त्यांना नियम सांगतात, मागं का वळायचं नाही तेही सांगतात, त्या रविवारचं तेवढं सोडून.

दिवाळीच्या सुमारास दौलत सगळे जुने कागद कंप्यूटरवर चढवत बसला होता. त्यानं फोन केला.

"मावशी, एक विचारू? कागदाच्या मागं खाली एक रकाना हाय बघा, मोजनीला किती जन होते त्याचा. कुनी भरतच नाही तो. तुम्ही एक जूनला किती जनी गेल्या होत्या?"

"दोघी की. मी आनि सावित्री."

"तिथं चार लिवलंय. मास्तरांच्या अक्षरात."

बाई बोटांवर मोजायला लागल्या. आपण एक, सावित्री दोन. ज्यानं लिहिलं तो तिसरा. आणि जी बोलली ती...

"बराबर हाय," त्या हळूच म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तसंच."

"बरं. पन मावशी, अजून एक," दौलतचा आवाज खाली आला. "म्हनून मी मास्तरांचा शेवटचा कागद काढून बघितला. तेविसावा. त्या दिवशी ते एकटेच गेले होते ना?"

"एकटेच."

"तिथं आधी 'एक' लिवलेलं हाय. मग ते खोडलंय, आनि शेजारी 'दोन'."

पंचफुलाबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. एकटे नव्हते मास्तर. सहा महिने काळजात रुतलेला काटा त्या क्षणी निघाला, आणि त्यांना फार फार बरं वाटलं. मग त्यांच्या मनात आलं, की तो 'एक' मास्तरांनी लाइनीच्या शेवटी खोडला असेल. म्हणजे दहाव्या दगडापाशी, कारण त्याआधी ते वळलेच नसते. म्हणजे त्यांनी वळून बघितलं, तेव्हा त्यांना ती दिसली होती.